हातकडी कुणाच्या हद्दीतली

मी हातकडी बोलतेय. पोलीस मला नुसतं बेडी म्हणतात. माझं नाव काढलं तरी माणसं नकळत स्वतःचं मनगट चोळतात, हे मला ठाऊक आहे. तरीही थोडं ऐका.

अलीगडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. दोन कडी, मधे साखळी आणि फिरवून फिरवून उघडावी लागणारी मळसूत्री किल्ली. माझ्या पेटीतल्या काही जणी तुरुंगात गेल्या, काही कोर्टात. मी रेल्वे पोलिसांच्या वाट्याला आले. खाडीपलीकडे नवी मुंबईत नुकतीच गाडी धावायला लागली होती, तिथल्या एका नव्याकोऱ्या स्टेशनावरच्या चौकीत मला खुंटीवर टांगलं. स्टेशनाचं नाव सांगत नाही; प्रकरण अजून कोर्टात आहे.

माझा ताबा हवालदार हौसेरावांकडे होता. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा माणूस. बोलणं तुटक, चाल जड. मला खोबरेल तेलाचं बोट लावून पुसायचे. कुणाला अडकवलंच, तर मनगट कापू नये म्हणून आत कापडाची पट्टी घालायचे.

ज्यांच्या हातात मी पडले, त्यांचं एक पाहिलंय. खिसेकापू असो नाहीतर चांगला पँट-शर्टातला माणूस, पहिल्यांदा तो मला झाकायला बघतो. कुणी वर रुमाल टाकतो, कुणी बाही ओढतो. गुन्ह्याची लाज वाटो न वाटो, माझी मात्र प्रत्येकाला वाटते.

खाकी कपडा दिसला की लोकांना सगळे पोलीस सारखेच वाटतात. तसं नसतं. रेल्वेचा माल, तारा, डबे यांची राखण करणारं दल वेगळं. गाडीत नि फलाटावर चोरी-मारामारी झाली तर तपास करणारे आमचे रेल्वे पोलीस वेगळे. आणि स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की शहर पोलीस. प्रत्येकाचं ठाणं, साहेब आणि हद्द वेगळी.

आमच्या स्टेशनात तर हद्दीचा फारच घोळ होता. रूळ आणि फलाट रेल्वेचे. पण वरची भलीमोठी इमारत, तिच्यातले गाळे, समोरचं पटांगण, हे सगळं शहर वसवणाऱ्या महामंडळानं बांधलेलं. फलाटावरून बाहेर यायला एक भुयारी वाट आणि तिच्या तोंडाशी तिकीटघर. ती वाट कुणाची, यावर दोन्हीकडचे साहेब नकाशे पसरून बसायचे आणि चहा पिऊन उठायचे.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यातली ती दुपार. हौसेराव फलाटावर होते, मी त्यांच्या कमरेला. भुयाराच्या बाजूनं एकदम कालवा ऐकू आला. 'चोर, चोर' म्हणत माणसं पळत होती. हौसेराव धावत भुयारातून बाहेर पडले.

रिक्षांच्या रांगेपाशी पंधरा-वीस माणसं एकाला तुडवत होती. त्याचं नाव अंकुश. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात पोती वाहणारा, मूळचा परभणीकडचा. सुट्टी घेऊन बायकोची औषधं आणायला निघाला होता. तिकीटघरापाशी सुनयना नावाच्या एका बाईचं मंगळसूत्र कुणीतरी हिसकावलं. हिसकावणारा पळाला आणि गर्दीला धावताना सापडला तो अंकुश. गाडी चुकेल म्हणून तोही धावतच होता.

ती बाई बाजूला उभी राहून सांगत होती, "अहो, हा नाही तो. त्याचा शर्ट लाल होता. हा नाहीये." ऐकायला कुणी थांबलंच नव्हतं.

हौसेराव गर्दीत घुसले. एकटा माणूस, हातात नुसती काठी. त्यांनी माझं एक कडं अंकुशच्या उजव्या मनगटात घातलं आणि दुसरं स्वतःच्या डाव्या मनगटात. "धरलाय मी ह्याला. आता हात लावशीला तर तुमाला आत घालीन."

माझा तो कट्ट आवाज झाला आणि मारणारे हात थांबले. बेडी पडली की लोकांचं समाधान होतं. दहा मिनिटांत तिथं फक्त रिक्षावाले उरले.

अंकुश उठून उभा राहिला. ओठ फुटला होता, बाकी वरून काही दिसत नव्हतं. पण त्याच्या मनगटाची नाडी माझ्या लोखंडाला लागत होती आणि ती फार घाईत होती.

"काका, पोटात आग पडायलीय," तो म्हणाला.

"चल. आधी नोंद करू, मग दवाखाना."

चौकीत फौजदार रावसाहेब बसले होते. सुनयनाबाईही मागोमाग आल्या. रावसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "धरला कुठं?"

"रिक्षा स्टँडवर, साहेब."

"म्हणजे शहराच्या हद्दीत. आणि बाई, तुमचं मंगळसूत्र गेलं कुठं?"

"तिकिटाच्या खिडकीपाशी. पण साहेब, हा माणूस तो नाहीच."

"ते नंतर. खिडकीच्या आत का बाहेर?"

"खिडकीच्या आत माणूस कसा उभा राहील?" त्या बिचाऱ्या म्हणाल्या.

"मग ती इमारत आमची नाही. बाहेरच्या ठाण्यात जा. हौसेराव, याला पण तिकडे पोचवा. आपल्याकडे नोंद नको."

"साहेब, पोरगं दुखतंय म्हनतंय. नोंद करून कागद तिकडं धाडता येतील की."

"करता येतं सगळं. पण मग तारखांना तुम्ही जाणार का मी?"

पुन्हा पटांगण, पुन्हा ऊन. अंकुश वाकून चालत होता. माझ्या साखळीला त्याचं ओझं जाणवायला लागलं होतं. सुनयनाबाई काही अंतर बरोबर आल्या. मग म्हणाल्या, "मला ऑफिसात परत जायचंय हो. मी उद्या येते." त्यांचं पूर्ण नाव, पत्ता कुणीच लिहून घेतला नव्हता. त्या कोपऱ्यावरून वळल्या आणि त्यानंतर कुणालाच सापडल्या नाहीत. अंकुश चोर नाही असं शपथेवर सांगणारं एकच माणूस होतं, तेही असं गेलं.

शहर पोलीस ठाण्यात दिलीप नावाचे तरुण अधिकारी होते. त्यांनी आधी मला पाहिलं. "जमादार, बेडी कुणाची?"

"आमची."

"बेडी रेल्वेची, माणूस धरणारा रेल्वेचा, तिकीटघर रेल्वेचं. आणि आरोपी आम्ही घ्यायचा? तुमच्या साहेबांचं लेखी पत्र आणा."

"साहेब, पत्र आनतो. पन तोवर ह्याला डाक्टरला दावा."

"दाखवला की ताब्यात घेतल्यासारखं होतं. मग याला काही झालं तर माझ्या डोक्यावर टेन्शन. न्या परत."

तेवढ्यात अंकुश बाकाच्या कडेला ओकला. त्यात रक्त होतं. दिलीपसाहेबांनी मान फिरवली आणि शिपायाला फरशी पुसायला सांगितलं.

हौसेरावांनी रिक्षा केली. तोंडानं म्हणाले, "स्टेशन." रिक्षा थोडी पुढे गेली आणि अंकुशचं डोकं त्यांच्या खांद्यावर पडलं.

"काका, माझ्या घरी सांगा. क्रांती वाट बघायली असंल."

मघाची घाईतली नाडी आता मला शोधावी लागत होती. हौसेराव एकदम ओरडले, "अरे, दवाखान्याकडं घे." मग खिशातून किल्ली काढली. रिक्षा हलत होती, किल्लीचं मळसूत्र बसत नव्हतं. त्या दिवसाइतका माझ्या घडणीचा राग मला कधी आला नाही. शेवटी मी उघडले. त्यांनी मोकळ्या झालेल्या हातानं अंकुशला कवेत धरलं.

दवाखान्यात कारकुनानं विचारलं, "मारामारीची केस आहे. पोलिसांचं पत्र?"

"मी पोलीसच हाय. माज्या सहीवर घ्या."

"कुठलं ठाणं लिहू?"

हौसेरावांनी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच्या ठाण्याचं नाव लिहिलं. अंकुशला आत नेलं. आतल्या आत फार रक्त गेलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "इतका वेळ कुठं होतात?"

अंकुशच्या बायकोला, क्रांतीला, बाजारातल्या कुणीतरी निरोप दिला होता. ती आधी चौकीत गेली, तिथून ठाण्यात, तिथून दवाखान्यात. चौकीत आणि ठाण्यात, दोन्हीकडे तिला सांगितलं होतं की असा माणूस आमच्याकडे नाही.

आणि मग सगळं उलटं फिरलं. जिवंतपणी ज्याला कुणी घ्यायला तयार नव्हतं, तो मेल्यावर कुणाच्या ताब्यात होता, याची चौकशी लागली.

रावसाहेबांनी हौसेरावांना बोलावून घेतलं. दार लावलं. "हौसेराव, तुमची नोकरीची दोन वर्षं राहिलीत. बेडी घातलीच नव्हती असं सांगा. रस्त्यात जखमी पडलेला दिसला, माणुसकीनं दवाखान्यात नेला. बस्स. तुम्ही सुटाल, मी सुटेन."

"आन ते पोरगं?"

"ते सुटलंच आहे."

हौसेराव दार उघडून बाहेर आले. क्रांती जिन्याशी बसली होती. ती उठून उभी राहिली.

"तुम्ही त्यांना धरलं होतं का वाचवलं होतं?"

"दोन्ही, पोरी."

"पेपरात चोर म्हणून छापलंय. रस्त्यात पडून मेला म्हणून लिहिलं, तर ते तसंच राहील. कुणी मारलं हे कुणी शोधणार नाही. आणि कुणी फिरवलं हेपण नाही."

चौकशीच्या दिवशी मी हौसेरावांच्या खिशात होते. दंडाधिकाऱ्यांनी विचारलं, "मयत इसम पोलिसांच्या ताब्यात होता का?" रावसाहेब समोर बसले होते, दिलीपसाहेबही; मागच्या बाकावर क्रांती. हौसेरावांनी मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

"व्हय साहेब. ही बेडी मी घातली. एक हात त्याचा, एक माजा. लोकांनी मारू नये म्हनून घातली. मग त्याला दोन ठाणी हिंडवला. घेतला कुनीच न्हाई. त्यो चोर न्हवता, हे बाईनं आमाला तिथंच सांगितलं हुतं."

दंडाधिकाऱ्यांनी ते जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

त्या टेबलावरून मी हौसेरावांकडे परत गेले नाही. मुद्देमाल म्हणून माझ्यावर चिठ्ठी चिकटली. हौसेराव निलंबित झाले. आरोपीला साहेबांच्या हुकमाशिवाय बेडी घातली आणि हुकमाशिवाय काढली, असे दोन्ही ठपके त्यांच्यावर. रावसाहेबांची बदली झाली. दिलीपसाहेबांना समज मिळाली. मारणाऱ्यांपैकी कुणीही सापडलं नाही. पण कागदावर अंकुशच्या नावापुढचं 'आरोपी' खोडून 'मयत' एवढंच राहिलं, ते हौसेरावांच्या त्या जबाबामुळे.

अंकुशला दवाखान्याऐवजी असं हिंडवल्याबद्दलचा खटला अजून चाललाय. तो कुठल्या कोर्टापुढं चालावा, याच्यावर वकिलांचं भांडण आहे. तारखेला क्रांती बाजारातलं कांदे निवडायचं काम टाकून येते, हौसेराव गावाहून एसटीनं येतात. दोघं एकाच बाकावर बसतात. दुपारी ती डबा उघडते आणि अर्धी भाकरी न विचारता त्यांच्या पुढं ठेवते.

चौकशीच्या टेबलावर तिनं पाहिलेली बेडी ती मीच, ही ओळख आज तिला पटवायची होती. वकिलांनी मला तिच्या हातात दिलं. माझं नाव ऐकून मनगट झाकणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. हिनं मला तळहातावर घेतलं, गार लोखंडावरून अंगठा फिरवला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "हीच."

मी लोखंड आहे. मला हुकूम देता येत नाही, विनंती करता येते. जिन्यात, रुळावर, रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं, तर त्याला आधी उचला. ती जागा कुणाची, हे मग निवांत मोजत बसा. जागा कुठं पळून जात नाही.

शिपायानं मेणबत्ती पेटवलीय, लाख वितळायला लागलीय. माझं पाकीट पुन्हा बंद होईल. येते मी.