तो आवाज नेहमीच येतो

हिचा फोन मी रोज सकाळी चार्जिंगला लावतो. ही जाऊन नऊ महिने झाले. त्यावर आता कुणी फोन करत नाही आणि मीही तो उघडत नाही. पण बॅटरी उतरलेली मला बघवत नाही.

त्या मंगळवारी मी चहा गाळत होतो आणि हिचा फोन वाजला. मेसेज आला होता. पण तो माझ्या नावाने होता.

"नमस्कार. दहा महिन्यांपूर्वी आपण केलेला अर्ज आम्ही ठेवून दिला होता. आता जागा निघाली आहे. गुरुवारी सकाळी अकरा वाजता व्हिडिओवर मुलाखत ठेवली आहे. जमणार असेल तर खालचं बटण दाबा."

मी असा कुठलाही अर्ज केलेला नव्हता. तरी बटण दाबलं. गॅसपाशी उभा राहूनच दाबलं, बसून विचार केला असता तर दाबलं नसतं.

मी रेफ्रिजरेशन मेकॅनिक आहे. एकतीस वर्षं एका मोठ्या शीतगृहात कॉम्प्रेसर सांभाळले. शीतगृह बंद पडलं, मशीनं भंगारात गेली, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मी मोबाइलवर नोकऱ्या शोधायला लागलो. त्या साइटवर जन्मसाल निवडायला एक यादी असते. ती बोटाने खाली ओढत जायचं. मी ओढतोय, ओढतोय, माझं साल काही येत नाही. तिथेच कळतं की आपली डाळ शिजणार नाही. सेहेचाळीस अर्ज केले. बावीस ठिकाणांहून एकच उत्तर आलं, शब्दाला शब्द सारखं. ते मशीनच पाठवतं म्हणे. जन्मभर मशीनची दुखणी काढली आणि शेवटी मशीनच मला नको म्हणायला लागलं.

मुलीला मी शब्द देऊन बसलो होतो. महिनाअखेरपर्यंत काम मिळालं नाही तर इथलं घर सोडायचं आणि तिच्याकडे कायमचं राहायला जायचं. जावई भला माणूस आहे. त्याने माझ्यासाठी खोली रिकामी केली, पलंगसुद्धा आणून ठेवला. त्या पलंगाचा फोटो आला तेव्हापासून मला नीट झोप नव्हती. एकदा त्या पलंगावर बसलो की मी कुणाचा तरी बाप आणि कुणाचा तरी आजोबा, एवढाच उरणार होतो. महिना संपायला नऊ दिवस होते.

"बाबा, तो अर्ज आईने केलाय," मुलगी फोनवर म्हणाली. तिची स्वतःची दोन मुलं शाळेत जातात, तरी घरात तिला अजून छोटीच म्हणतात. "आजारपणात पडल्या पडल्या तुमच्या नावाने भरत बसायची. नंबर मुद्दाम स्वतःचा दिला. म्हणाली, तुझे बाबा मशीनच्या खोलीत गेले की फोन ऐकतात कुठे."

"मला बोलली नाही ती."

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणालो असतो."

"मग? ऐका आता. तिने काय लिहिलंय ते आधी वाचून ठेवा. ते लोक त्यातलंच विचारतात. नाहीतर तोंडघशी पडाल."

वाचतो म्हटलं. बुधवारी दोनदा हिच्या फोनवर अर्जाचं पान उघडलं. वर माझा फोटो होता. लग्नातल्या एका फोटोतून हिने मला कापून काढलेलं. माझ्या खांद्यावर हिची चार बोटं तशीच राहिली होती. त्याच्या खाली मी गेलो नाही. दोन्ही वेळा फोन पालथा घालून ठेवला. मुलाखतीला जाणारा माणूस आपलाच अर्ज न वाचता जातो, असा मूर्खपणा माझ्याशिवाय कुणी केला नसेल.

गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घातला. साखरेच्या डब्याला टेकवून हिचा फोन उभा केला. अकराला दोन मिनिटं असताना बटण दाबलं.

समोर दोन चौकटी उघडल्या. एकीत तिशीचा दाढीवाला, तो मालक. त्याच्या शेजारी भरतीचं काम बघणाऱ्या बाई, पुढ्यात कागद. दुसऱ्या चौकटीत वर्कशॉप, आणि निळा कोट घातलेली एक तंत्रज्ञ. केस रबराने बांधलेले, बोटांना ग्रीस.

"काका म्हटलं तर चालेल ना?" मालक म्हणाला.

"नोकरी दिलीत तर काहीही म्हणा."

निळा कोट हसला. बाई हसल्या नाहीत.

मालकाने काम सांगितलं. त्यांची कंपनी तीन वर्षांची. सूर्याच्या विजेवर चालणाऱ्या मोठ्या शीतपेट्या बनवतात. भाजीवाले, मासेवाले, लहान दवाखाने घेतात. पेट्या लांब लांब गेलेल्या. बिघाड झाला की माणूस पोचेपर्यंत माल सडतो. म्हणून त्यांना असा कुणी हवा होता जो फोनवरूनच बिघाड ओळखेल आणि तिथल्या माणसाला सांगून दुरुस्त करवून घेईल.

"तुमच्या अर्जात लिहिलंय," बाई म्हणाल्या, "'फोनवर आवाज ऐकून बिघाड सांगतो, एकतीस वर्षांत चारदा चुकलो.' ते चार कोणते?"

मला पत्ता नव्हता. चार कुठून आले? हिने मोजले असणार. मी चुकलो की हिला आठवडाभर चिडवायला पुरायचं.

"आत्ता आठवत नाहीत," म्हटलं.

बाईंनी पान उलटलं. "बरं. 'तुमची एक उणीव सांगा' या प्रश्नाला उत्तर आहे, 'मशीनचं सगळं ऐकतात, घरच्यांचं ऐकायला वेळ लागतो.' हे तुम्ही लिहिलंय?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं.

"नाही. अर्ज मी भरलेला नाही. बायकोने भरला."

"म्हणजे ही माहिती तुमची नाही."

"माहिती माझीच आहे. लिहिलीय तिने."

"मग त्यांनाच बोलवा ना जरा."

"ती वारली. नऊ महिने झाले."

मालकाने खाली बघितलं. बाई हळू आवाजात सॉरी म्हणाल्या, पण पेनाने कागदावर काहीतरी खूण केली. ती खूण माझ्या बाजूची नव्हती.

"आपण थेट मशीनच ऐकू," मालक म्हणाला. "इथे एक पेटी आहे. तिच्यात आम्ही मुद्दाम एक बिघाड केलाय. ऐका आणि सांगा."

निळ्या कोटवालीने फोन उचलून पेटीजवळ नेला. मी डोळे मिटले. काही नाही. डोळे उघडले. पडद्यावर पंखा फिरताना दिसत होता, पण आवाज नाही.

"ऐकू येतंय?" तिने विचारलं. तिचा आवाज स्वच्छ होता.

"तुमचं येतंय. मशीनचं नाही."

"काका, इथे आमचे कान फुटायची वेळ आलीय," मालक म्हणाला.

"मला काहीच ऐकू येत नाही."

बाईंनी मालकाकडे बघितलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "कानांची तपासणी वगैरे केली होती का हल्ली? या वयात होतं तसं."

अंदाजाने ठोकून द्यावं असं एकदा मनात आलं. दहापैकी सहा वेळा गॅस कमी असतो. गॅस म्हटलं असतं तर कदाचित लागलंही असतं.

"कान ठीक आहेत," म्हटलं. "तुमचा फोन मशीनचा आवाज पोचू देत नाही."

"अरे हो!" निळ्या कोटवालीने कपाळावर हात मारला, ग्रीस कपाळाला लागलं. "ते ॲप मागचा गोंगाट कापतं. मशीनलाच गोंगाट समजतंय ते." तिने काहीतरी दाबून बघितलं. साधा फोनही लावून बघितला. नुसती खरखर.

"मग हे कामच होण्यासारखं नाही," बाई म्हणाल्या. "फोनवरून ऐकायचं, आणि फोन तर ऐकवत नाही."

मालकाने घड्याळ बघितलं. मला तो पलंग दिसला, त्यावरची नवी चादरसुद्धा.

"ताई," मी निळ्या कोटवालीला म्हटलं, "तुम्ही तोंडाने काढून दाखवा."

"काय?"

"आवाज. मशीन जसं करतंय तसं तोंडाने करा. लाजू नका. आमच्याकडे असंच चालायचं."

खरंच चालायचं. मी कामावर असायचो, घरी फ्रिज नाहीतर पाण्याची मोटर कुरकुरायची. शीतगृहातल्या गोंगाटात फोनवर मोटर काय ऐकू येणार? मग ही ऑफिसातल्या फोनवर मला बोलावून घ्यायची आणि तोंडाने मोटर व्हायची. ऑफिसातले लोक म्हणायचे, चला, वहिनींची मोटर आली. पुढे पुढे शेजारणी हिला घरी बोलवायच्या, आमचा पंखा ऐका म्हणून. नियम एकच होता. एकही आवाज गाळायचा नाही. कुठला कामाचा आणि कुठला फुकटचा ते मी ठरवणार.

"स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला टेकवा, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा, आणि सुरू करा."

तिने तसं केलं. मग मालकाकडे बघून म्हणाली, "हसलात तर राजीनामा देईन." आणि सुरू झाली.

"घुंऽऽऽ… घुंऽऽऽ… हुं, टक. हुं… टक."

बाईंनी तोंडावर हात धरला.

"पुन्हा. जसं येतंय तसं. काही गाळू नका."

"घुंऽऽऽ… किर्र… घुंऽऽऽ… किर्र… हुं, टक."

"टकनंतर किती वेळ गप्प?"

तिने बोटांवर मोजलं. "पंधरा सेकंद."

"सुरुवातीचा घुं आणि शेवटचा घुं एकसारखा आहे?"

"नाही. शेवटी जड होतो. दमल्यासारखा."

"उष्णता बाहेर पडत नाही. मोटर तापून बंद पडतेय, आणि पुन्हा उठायला बघते तर दाब तिला उठू देत नाही. मागच्या जाळीवर काहीतरी टाकलंय तुम्ही. पुठ्ठा नाहीतर फडकं."

"पुठ्ठा!" ती ओरडली. मालकाने दोन्ही हात वर केले. बाईंच्यासुद्धा भुवया वर गेल्या.

"वा काका," मालक म्हणाला. "म्हणजे चारदाच चुकला असाल. आपण थांबू या. बाकीचं बाई कळवतील."

इथे मी थांबायला हवं होतं. काम झालं होतं. बाई कागद गोळा करत होत्या.

"एक मिनिट," म्हटलं. "मधे ते किर्र केलंत, ते कशाचं?"

"ते होय?" निळ्या कोटवालीने हात झटकला. "तो आवाज नेहमीच येतो. आमच्या सगळ्याच पेट्यांना आहे तो."

पहिल्यांदा काढून दाखवताना तिने तो गाळला होता, तो ह्याच्यासाठी.

ही शेवटच्या वर्षी जिना चढून आली की श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा. मला ऐकू यायचा. मला ऐकू येणार नाही तर कुणाला येणार? एकदा विचारलं होतं, हा कसला आवाज? ही म्हणाली, अहो, तो नेहमीच येतो. मी बरं म्हटलं आणि पेपर उघडला.

"उघडून बघा," मी म्हटलं.

"काका, ते डिझाइनच तसं आहे," मालक म्हणाला. आता आवाजात हसू नव्हतं. "तीनशे पेट्या बाहेर आहेत आमच्या. तज्ज्ञांनी तपासून दिल्यात."

"असतील. तुम्ही उघडून बघा. तांब्याची नळी पत्र्याच्या कडेला घासतेय कुठेतरी. आज नुसती किरकिरते. पाच-सहा महिन्यांत नळीला भोक पडेल आणि गॅस जाईल."

मालक माझ्याकडे बघत राहिला. बाई त्याच्याकडे. मला वाटलं, संपलं. वराला नावं ठेवणाऱ्याला लग्नात जेवायला कोण बसवतं?

"सहा महिने कुणी सांगितलं तुम्हाला?" मालकाने विचारलं.

"नळीने. म्हणजे अशी घासणारी नळी तेवढीच टिकते."

तो उठला. दोन मिनिटांनी दुसऱ्या चौकटीत दिसला. निळ्या कोटवालीने फोन कुठेतरी ठेवला, मला नुसतं छत दिसत होतं. स्क्रू पडल्याचे आवाज आले. पत्रा निघाल्याचा आवाज आला. ॲपने तो का कापला नाही देव जाणे. मग बराच वेळ काहीच नाही. पहिल्या चौकटीत बाई एकट्याच बसल्या होत्या. त्या आणि मी एकमेकांकडे न बघता बसलो.

"टॉर्च दे," मालकाचा आवाज आला. आणि मग, "अगं आई गं."

निळ्या कोटवालीने फोन आत धरला. पत्र्याची कड आणि तिला टेकलेली नळी. टेकली होती तिथे तांबं नव्यासारखं चकाकत होतं आणि अर्धं झिजलं होतं.

मालक पेटीशेजारी जमिनीवरच बसला. "सहा महिने झाले की गॅस जातो," तो म्हणाला. "सगळीकडून तीच तक्रार. आम्ही गॅस भरून देतो, पुन्हा जातो. वर्षभर आम्ही गॅसवाल्याला शिव्या घालतोय."

"नळी जरा बाजूला वाकवा, मधे रबराचा तुकडा घाला. एका पेटीला दहा मिनिटं."

"तीनशे पेट्यांना कोण सांगणार ते?"

"ज्याच्याकडे पेटी आहे, त्याच्याकडूनच करून घ्यायचं. त्यासाठीच माणूस शोधताय ना?"

बाईंनी त्यांचा कागद पुन्हा पुढे ओढला. पेनाने ती मघाची खूण खोडली. मग विचारलं, "सोमवारपासून जमेल? घरूनच काम. तक्रारी कुठल्या नंबरवर पाठवायच्या? अर्जातला नंबर तर…" त्या थांबल्या.

"तोच राहू दे," म्हटलं.

छोटीला फोन केला. मिळालं, एवढंच बोललो. ती नाक ओढत म्हणाली, "आणि पलंगाचं काय करू आता?"

"आलो की झोपेन त्याच्यावर. दोन दिवस."

मग हिचा अर्ज उघडला. त्या चार बोटांच्या खाली गेलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. चार चुका खरंच मांडल्या होत्या, सालासकट.

हिचा फोन एकोणीस टक्क्यांवर आला होता. चार्जिंगला लावला.