रिकामे फेरे

घशाच्या ऑपरेशनमध्ये दादाचा आवाज गेला, खोड मात्र जाईना. त्याने स्वतःच एका छोट्या स्क्रिप्टिंग भाषेत बोलणारा प्रोग्राम लिहिला. बटण दाबलं की आधी कौतुक, मग जरा थांबून टोमणा. वहिनीने भाजीचं विचारलं की जुना कॉम्प्युटर म्हणायचा, “फक्कड झालीय.” वहिनी खुलायची, तेवढ्यात, “मीठ तेवढं राहिलंय.” सगळं घर हसायचं.

आता तो कॉम्प्युटर मध्येच मान टाकायचा, आणि ती भाषा फोनवर चालत नव्हती. त्याच्या धाकट्या बहिणीला चैन पडेना. हा बंद पडला तर दादा दुसऱ्यांदा मुका होणार होता. ती मोकळ्या वेळात ज्या कंपायलरवर राबायची तो नेमका याच कामाचा होता. जगभरच्या हौशी मंडळींनी फुकट घडवलेला तो कंपायलर त्या भाषेतले प्रोग्राम फोनला समजतील असे करून द्यायचा. तिने दादाचा प्रोग्राम त्यातून काढला. सगळ्या चाचण्या पास. धाकटीची कॉलर ताठ.

पहिल्याच जेवणाला फोन एका दमात म्हणाला, “फक्कड झालीय मीठ तेवढं राहिलंय.”

वहिनीचा चेहरा पडला. “हा फोन आल्यापासून तुम्ही नुसते खेकसता हो.”

दादाने फोन पालथा ठेवला आणि त्या मरतुकड्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला.

धाकटी चिडली. अक्षर न् अक्षर बरोबर असताना बिघडलं कुठे? ती उठे, बसे, चहा ओतून प्यायला विसरे. शेवटी तिने दादाचा मूळ प्रोग्राम ओळीने वाचला. कौतुक आणि टोमणा यांच्यामध्ये दरवेळी एक रिकामा फेरा होता: मोठ्या आकड्यापर्यंत मोजत जा, बाकी काही करू नकोस. जुन्या कॉम्प्युटरला मोजायला लागणारा वेळ हाच दादाचा थांबा होता. कंपायलरने ते सगळे फेकून दिले होते. बिनकामाचं काम दिसलं की काढून टाक, हे त्याला शिकवलं होतं धाकटीनेच, आणि त्याबद्दल तिची पाठही थोपटली गेली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नुसते फेरे परत ठेवून भागणार नव्हतं, फोन ते डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून मोकळा झाला असता. तिथे खरं थांबणंच घालायला हवं होतं. पण किती? ते जुन्या कॉम्प्युटरलाच ठाऊक. ती एकेक बटण दाबून कान देऊन मोजू लागली, आणि थोडी बटणं उरलेली असताना त्याने जी मान टाकली ती कायमची.

“दादा, आता रे?”

दादाने हात वर केला. तिने वाक्याचा पहिला भाग वाचला. हात वरच. मग खाली आला, तेवढा थांबा तिने मोजून घेतला. उरलेले थांबे दोघांनी असेच बसवले.

जेवताना फोन म्हणाला, “फक्कड झालीय.” वहिनीने वर पाहिलं. “मीठ तेवढं राहिलंय.” वहिनीने हातातलं फडकं दादावर भिरकावलं आणि खूप दिवसांनी खळखळून हसली.

दादाने घाईघाईने नवं वाक्य टाइप केलं. फोन म्हणाला, “धाकटे, काम चोख केलंस.”

ती टोमण्याची वाट बघत राहिली. फोन गप्प. तिला धीर धरवेना.

“पुढे?”

दादाने पुढे काही नाही अशी मान हलवली, फोन खिशात ठेवला आणि जेवायला लागला.