बावीस शाळांचा श्रवणमापक

मित्रांनो, मी एक जुना श्रवणमापक आहे. एक छोटी पेटी आणि कानांवर चढवायचे दोन गोळे, एवढाच माझा संसार. मी बारीक-मोठे आवाज काढतो, ऐकू आला की मुलाने हात वर करायचा; त्यावरून कोणाला किती ऐकू येते, ते कळते.

मला विभागीय शिक्षण केंद्राने घेतले. आसपासच्या बावीस लहान शाळांना एकेकटीला जे झेपत नसे, ते हे केंद्र सगळ्यांसाठी करी. तिथल्या तपासनीस बाई मला घेऊन शाळोशाळी हिंडत. मुले त्यांना ‘कानवाल्या बाई’ म्हणत.

एका शाळेत तिसरीतला एक मुलगा होता. सगळे त्याला ‘ढिम्म’ म्हणून चिडवत. मी आवाज चढवत गेलो, पण त्याचा हात काही वर होईना. बाईंनी त्याच्या आईला बोलावले. ती शिवणकाम करायची. गळ्यातली टेप न काढताच धावत आली.

“हट्टी आहे हो मेला. शंभर हाका मारा, ओ म्हणून देत नाही.”

“हट्टी नाही, ताई. त्याला ऐकूच येत नाही.”

तिने लेकाला जवळ ओढले. “अगं आई गं! आणि मी याच्या कानाखाली वाजवत होते...”

महिन्याभरात केंद्राने त्याला श्रवणयंत्र मिळवून दिले. ते लावून तो वर्गात गेला आणि ओरडला, “बाई, खडू वाजतो!” त्या दिवशी मला जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

पुढे वरून हुकूम आला. शाळांनी आपापले पाहावे, मध्ये केंद्र कशाला? केंद्राला कुलूप लागले आणि सामानाची वाटणी झाली. मी एका मोठ्या शाळेत आलो. बाईंची बदली दूरच्या कचेरीत झाली. निघताना त्यांनी मुख्याध्यापकांना बजावले, “सर, दरवर्षी याचे आवाज जुळवून घ्या, नाहीतर हा चुकीचे सांगेल. आणि बाकीच्या शाळांनी मागितला तर द्या हं.”

“देणार ना! नाही कशाला म्हणू?” सर मनापासून म्हणाले.

पण मागायला कुणी आलेच नाही. सहा वर्षे मी कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे पडून राहिलो. माझा डावा गोळा मुका झाला.

गेल्या महिन्यात एका छोट्या शाळेतल्या शिक्षिका पहिलीतल्या मुलीला घेऊन आल्या. सरांनी मला आनंदाने काढून दिले. कानवाल्या बाई मुलांना नेहमी पाठमोरे बसवत, पण हे या शिक्षिकेला सांगणार कोण? त्यांनी मुलीला समोर बसवले. बटण दाबताना त्यांची मान हले. मुलगी टक लावून ते पाही आणि हात वर करी. डाव्या कानाची पाळी आली. माझ्यातून आवाजच निघाला नाही, तरी हात वर गेला.

“कान तर ठणठणीत आहेत तुझे!” पाठ वळवून माझ्या तारा गुंडाळत शिक्षिका म्हणाल्या. “मग वर्गात लक्ष का देत नाहीस गं?”

मुलगी भिंतीकडे पाहत गप्प बसून राहिली. प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. आणि मला तर तोंडच नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी हाकेला ओ देत नसेल, तर त्याला हट्टी म्हणू नका. आणि घरच्या मोठ्या माणसांना एवढे सांगा, की पेट्या वाटून घेता येतात, कानवाल्या बाई कशा वाटून घेणार? त्यांना परत बोलवा. त्या मुलीची तपासणी अजून व्हायची आहे.