वर्डेल मॅब्री मेलेली नाही

शनिवारी सकाळी वर्डेल मॅब्री स्वयंपाकघरात पालेभाजी धूत होती, तेवढ्यात रेडिओने तिला मारून टाकलं.

"उद्या दुपारी आपण सगळे दिवंगत वर्डेल मॅब्रीच्या आठवणीत जमतोय," निवेदक गळा दाटून आल्यासारखा बोलत होता. "मेम्फिसचा हरवलेला आवाज! दारूच्या नादी लागलेली, एकाकी, शेवटी शिकागोतल्या एका खोलीत..."

"क्लोटील!" वर्डेल ओरडली. "धाव! मी मेलेय!"

धाकटी बहीण क्लोटील केसांतले रोलर सांभाळत आली आणि रेडिओला कान लावून उभी राहिली. "शिकागो? तू कधी गेलीस शिकागोला?"

"स्वप्नात पण नाही. आणि दारू म्हणे! चर्चमध्ये घोटभर द्राक्षाचा रस देतात, त्यापुढे माझी मजल गेली नाही."

वर्डेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मरणापेक्षा तिला 'हरवलेला' हा शब्द जास्त झोंबला. गाणं सुटल्यापासून तीस वर्षं ती याच रस्त्यावर केसांचं दुकान चालवत होती. काचेवर हातभर अक्षरांत तिचं नाव होतं. अर्ध्या मेम्फिसच्या बायका तिच्या खुर्चीत मान टाकून बसून गेल्या होत्या. कुणी नुसतं कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर विचारलं असतं, तरी पंपवाल्याने बोट दाखवलं असतं.

तरुणपणी तिने गाण्यांच्या मोजक्या तबकड्या केल्या. त्यातली एकच चालली, 'तुझं ताट निवलं'. नवरा घरी येत नाही, बाई टेबलाशी बसून आहे, समोरचं जेवण गार होतंय, एवढंच ते गाणं. वर्डेलने ते आपल्या आईला डोळ्यांपुढे ठेवून, अगदी संथ म्हटलं होतं. पण कंपनीच्या मालकाने तिच्या माघारी ध्वनिमुद्रणाच्या यंत्राचा वेग वाढवून आवाज पातळ करून टाकला. "रडगाणं कोण विकत घेतं? पोरांना नाचायचं असतं," तो म्हणाला. तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्यातून एक सोळा वर्षांची अल्लड पोरगी नवऱ्याला वेडावत होती. वर्डेल मालकाशी भांडली. मालकाने तिला पुन्हा बोलावलं नाही, आणि वर्षभरात कंपनीही बुडाली.

रविवारी चर्च सुटल्याबरोबर दोघी बहिणी डोक्यावरच्या टोप्यांसकट, श्रद्धांजली ठेवली होती त्या जुन्या थिएटरात जाऊन बसल्या. रंगमंचावर वर्डेलचा माणसाच्या उंचीचा फोटो, त्याला पांढऱ्या फुलांचं कडं. हॉल बऱ्यापैकी भरला होता. पुढच्या रांगांत दूरदेशांहून आलेले शौकीन होते, कित्येकांच्या मांडीवर जुन्या तबकड्या. रेडिओवरचा तो निवेदक, ब्रॅडली, काळा सूट घालून माईकपाशी उभा होता. आणि त्याच्या बाजूला, खुर्चीत, वर्डेलचा पहिला नवरा. ॲमॉस स्टिगर. त्या गाण्यात बास गिटार वाजवणारा.

ॲमॉसने रुमालाने डोळे पुसले. "शेवटच्या क्षणी तिचा हात माझ्या हातात होता," तो म्हणाला. "म्हणाली, ॲमॉस, माझी गाणी विसरू देऊ नकोस."

वर्डेल उठून उभी राहिली.

"कुठला हात, ॲमॉस? डावा की उजवा?"

सगळ्या माना वळल्या. ॲमॉसने मान खाली घातली.

"मॅडम, बसून घ्या ना," ब्रॅडली गोड आवाजात म्हणाला. "आज आपण सगळेच हळवे झालोय."

"मी हळवी झालेली नाही. मी चिडलेय. ज्या बाईला तुम्ही पुरताय ना, ती मी."

कुणीतरी हसलं. मागून एकजण म्हणाला, "मग गाऊन दाखवा की!"

"माझा श्वास चालू आहे हे पटवायला मी गाऊ?" वर्डेल गरकन त्याच्याकडे वळली. "तू काय करून दाखवलंस आत येताना?"

ती तरातरा पायऱ्या चढून ॲमॉससमोर जाऊन उभी राहिली. त्याने मान वर केली नाही.

"सांग यांना."

"वर्डेलच आहे," तो पुटपुटला. हॉलमध्ये एकच गलका उठला. त्या गोंगाटात तो घाईघाईने बोलू लागला. "अगं, मला विचारलं यांनी, वर्डेल कुठे असते? केस सरळ करते म्हणालो असतो तर चहा पिऊन गेले असते. मेलीस म्हणालो आणि बघ, केवढी माणसं आली! जिवंतपणी आली होती का कधी?"

"आणि मेलेलीचा हात धरायला तू."

"मलाही कुणी विचारत नव्हतं गं."

एका क्षणी वर्डेलचा हात उगारलाही गेला. पण तिने तो खाली घेतला आणि माईक ओढला. ब्रॅडलीचा चेहरा आनंदाने लालबुंद झाला होता. "चमत्कार!" तो ओरडला. "मिस वर्डेल, ते गाणं! आमच्यासाठी!"

"म्हणेन. पण माझ्या चालीने."

वादकांनी तबकडीवरच्यासारखा धावता ताल धरला. वर्डेलने हात वर करून थांबवला. पुन्हा तेच. तिने पुन्हा थांबवलं. "बाबांनो, ती बाई वाट बघतेय. तिला कुठे बस पकडायचीय?"

मग ती एकटीच गाऊ लागली. संथ, खालच्या पट्टीत. आवाज जाडसर झाला होता, वरचे सूर जरा फाटत होते. दोन शब्दांच्या मध्ये ती इतकी थांबे की वादक एकमेकांकडे बघत. हळूहळू ड्रमवाल्याला तिची चाल सापडली. पुढच्या रांगेत मात्र चुळबुळ सुरू झाली. मांडीवर तबकडी घेतलेला एक माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "हा तो आवाज नाही."

वर्डेलने ऐकलं. तिने गाणं मध्येच तोडलं.

"नाहीच तो. तो यंत्राचा होता. तुम्ही जन्मभर यंत्रावर प्रेम केलंत, आणि रडायला मात्र माझ्या नावाने आलात. हा माझा आवाज आहे. नको असेल तर दार तिकडे आहे."

काहीजण खरंच उठून गेले. मागून एका म्हाताऱ्या बाईने हाक दिली, "म्हण बाई, तू म्हण!" वर्डेलने सोडला होता तिथूनच शब्द उचलला आणि गाणं शेवटापर्यंत नेलं. टाळ्या वाजल्या, बऱ्याच वाजल्या. ती त्यांच्यासाठी थांबली नाही.

बाहेर ॲमॉस धापा टाकत मागे आला. "वर्डेल, घरी सोडशील का? मी ब्रॅडलीच्या गाडीतून आलो होतो, तो आता..."

"शिकागोहून बस येते एक. तिची वाट बघ."

वर्डेलने किल्ली क्लोटीलच्या हातात दिली. क्लोटीलने गाडी काढली.

"छान म्हटलंस," क्लोटील हळूच म्हणाली.

"छान!" वर्डेलने समोर मूठ आपटली. "त्या वेळी घसा होता माझा, क्लोटील! तेव्हा ऐकायला हवं होतं त्यांनी! आता काय ऐकलं? उरलंसुरलं!"

क्लोटीलने सिग्नलला गाडी थांबवली. रडू आवरताना सिग्नल हिरवा झालेला तिला दिसलाच नाही. मागच्या गाडीवाल्याने जोरात हॉर्न मारला. वर्डेलने काच खाली केली, टोपीसकट डोकं बाहेर काढलं आणि त्याला असं काही सुनावलं की त्याने हॉर्नवरचा हात काढला आणि तो निमूट वाट बघत बसला.