टेस्ट-बोर्डावरचे दोन फेरे

लाँड्रीवाला हीटर हातात घेऊनच वर्कशॉपमध्ये शिरला आणि त्याने तो टेबलावर असा आदळला की खिळ्यांचा डबा उलटला. "पाचव्यांदा खटका पडला," तो म्हणाला. "लावला की दोन मिनिटांत अंधार. माझे कपडे ओले, गिऱ्हाईक दारात."

वाइंडिंगच्या बाकावर बसलेल्या वहिनीने मान वर केली. हीटर तिच्याच हातचा होता. दोन हजार वॉटचा, तार मोजून, फेरे मोजून भरलेला. ती काही बोलायच्या आत धाकटा दीर पुढे सरसावला. या क्षणाची तो सहा महिने वाट बघत होता, आणि ते त्याला लपवताही येत नव्हतं. त्याच्या मेहुण्याला काम हवं होतं आणि वर्कशॉपमध्ये बसण्याजोगा बाक एकच होता. थोरला भाऊ जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. त्याच्या बायकोला बाकावरून उठवायला एक चूक पुरे होती.

"वहिनी, तुम्ही जरा बाजूला बसा," दीर म्हणाला. "साहेबांसमोरच टेस्ट करू. दूध का दूध."

कोपऱ्यातल्या खुर्चीत सासरे बसले होते. वर्कशॉप त्यांचं, टेस्ट-बोर्ड त्यांच्या हातचा. अकरा वर्षांपूर्वी याच बोर्डासमोर त्यांनी सुनेला शिकवलं होतं: थंड तारेवर विश्वास ठेवायचा नाही, करंट देऊन मोजायचं. व्होल्टला अँपिअरने भागलं की तारेचा रोध, गुणलं की वॉट. तिला माहेरी कोणी इतक्या प्रेमाने काही शिकवलं नव्हतं.

दिराने हीटर पाण्याच्या पिंपात सोडला, बटण दाबलं, बोर्डाच्या वायरवर क्लॅम्प मीटरचा चिमट्यासारखा जबडा अडकवला आणि मोठ्याने वाचलं. "व्होल्ट दोनशे तीस. अँपिअर सतरा पूर्णांक चार." मग कॅल्क्युलेटर काढून लाँड्रीवाल्याच्या नाकासमोर धरला. "गुणा साहेब. चार हजार वॉट. आता भागा. रोध तेरा ओहम. हवे होते सव्वीस! अर्धी तारच घातली नाही. करंट दुप्पट ओढणारच, खटका पडणारच."

"म्हणजे तार खाल्ली?" लाँड्रीवाल्याने वहिनीकडे बघितलं. त्या बघण्याने तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

पण तिची नजर दिराच्या हातावर होती. मीटर धरायला दोन बोटं पुरतात. याने सगळा पंजा वायरवर ठेवला होता. पंजाखाली काय आहे ते तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. जुन्या मीटरचे आकडे लहान करंटवर नाचायचे, म्हणून सासऱ्यांनी त्या वायरला दोन फेऱ्यांचं वेटोळं करून ठेवलं होतं. दोन्ही फेरे जबड्यातून गेले की करंट दुप्पट दिसतो, मग वाचणाऱ्याने मनातल्या मनात निम्मा करायचा. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण या घरात सगळ्यांना ते पाठ होतं. दीर तर या बोर्डाखाली रांगत मोठा झाला होता.

तिने दिराला काही विचारलं नाही. सासऱ्यांना विचारलं.

"बाबा, आकडा बरोबर आहे का?"

म्हातारा चष्मा पुसायला लागला. पुसलेला चष्मा त्याने परत पुसला. "तो म्हणतोय तर... बघितलंच असेल त्याने," असं काहीतरी पुटपुटून त्याने जमिनीकडे बघितलं.

तिथे तिच्यात काहीतरी तुटलं. दिराचं तिला काही वाटलं नाही. त्याच्याकडून तिने कधी चांगल्याची अपेक्षाच केली नव्हती. पण बाबा? ज्यांनी फेरे घातले ते?

ती उठली. "भाऊजी, हात काढा."

"चालू लाइन आहे, वहिनी. तुम्ही नका—"

"हात काढा म्हटलं ना!"

त्याने काढला. तिने जबडा उघडला, वेटोळ्यावरून काढला आणि चार बोटं पुढे, जिथे वायर सरळ एकेरी जात होती, तिथे लावला. "साहेब, तुम्ही वाचा."

"आठ पूर्णांक सात," लाँड्रीवाला म्हणाला आणि गोंधळून पुन्हा वेटोळ्याकडे बघू लागला.

"हीटर तोच, वायर तीच. वेटोळ्यावर मीटर करंट दोनदा मोजतो, इथे एकदा. आता करा हिशेब. दोन हजार वॉट, सव्वीस ओहम. तार पुरेपूर आहे."

"मग खटका का पडतो?"

"बसवला कुणी?"

लाँड्रीवाल्याने दिराकडे बोट दाखवलं. "यांनीच. मोठ्या वॉशिंग मशीनच्या पॉइंटवरून दोन वायरी काढल्या."

"त्या पॉइंटवर दोन फेजच्या वायरींमध्ये दोनशे तीस नाही, चारशे व्होल्ट असतात. चारशे भागिले सव्वीस, पंधरा अँपिअर. सहा हजार वॉट. तुमचा खटका दहा अँपिअरचा, तो बिचारा दोन मिनिटं टिकतो हेच खूप. हीटर जळला नाही ही माझ्या वाइंडिंगची पुण्याई समजा."

लाँड्रीवाल्याने दिराला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही; पण शेवटी तो एवढं म्हणाला की उद्या हीटर बसवायला बाई स्वतः येतील तरच तो दार उघडेल. तो गेला, आणि त्याच्यापाठोपाठ दीरही दार आपटून गेला.

मग म्हाताऱ्याला कंठ फुटला. "सूनबाई, परक्या माणसासमोर कशाला? घरातलं घरात मिटलं असतं."

"घरातलंच होतं, बाबा. म्हणून आधी तुम्हाला विचारलं."

तिने मेन स्विच बंद केला, पक्कड घेतली आणि वेटोळं दोन्ही बाजूंनी कट् कट् कापलं. उरलेली टोकं जोडून टेप गुंडाळली. तांब्याचे ते दोन फेरे तिने सासऱ्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी मूठ मिटून घेतली. तिला दया आली, पण ती थांबली नाही.

"पंचवीस वर्षं होते ते तिथे," म्हातारा म्हणाला. मग खुर्चीतून उठायला लागला. "आण, तो दुसरा हीटर टेस्ट करून देतो."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही बाजूला बसा."