धुरपताबाईची वाढती टिकली

माकणीच्या धुरपताबाईची टिकली दिवसेंदिवस मोठी होत चालली होती. "ह्या वयात काय गं हा नखरा!" शेजारणी म्हणायच्या. त्यांना काय ठाऊक, खरं दुखणं टिकलीच्या खाली होतं! कपाळावर पांढरा डाग पडलेला. डाग वाढला की बाई टिकली वाढवायची. लेक समृद्धीची सोयरीक मुरुमला ठरलेली. आईला कोड आहे असं विहीणबाईच्या कानावर गेलं, तर लगीन मोडलंच म्हणायचं. धास्तीनं बाईला घास गोड लागेना.

शेवटी ती गुपचूप दवाखान्यात गेली. डॉक्टर प्रतीक्षा नवीच, पण मन लावून बघणारी.

"मावशी, माझी खात्री होईना. आमचा डॉक्टरांचा मोबाईलवर ग्रुप आहे, मोठे सर तिथं शिकवतात. तुमचा फोटो टाकू? डोळ्यांवर काळी पट्टी लावते, कुणी ओळखायचं नाही."

"टाका बाई. पर नाव नगं."

टिकली सोलून, हातानं केस मागं धरून धुरपताबाई फोटोला बसली.

सरांचं उत्तर आलं: कोड नाही, टिकलीच्या डिंकानं कातडीचा रंग उडालाय. घ्या! जिनं डाग झाकायचा, तीच डाग वाढवत होती!

"टिकली बंद करा," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"आगं बया! मालक जिते हायत की माझं!"

"जितेच राहतील. साधं कुंकू लावा."

बाईच्या जिवात जीव आला. इतका, की सरांनी तोच फोटो नर्सिंगच्या पोरींना शिकवायला इन्स्टाग्रामवर टाकू का विचारलं, तर तिनं खुशाल मान हलवली.

त्या पोरींत विहीणबाईची लेक सोनाली होती. चौथ्या दिवशी मुरुमहून फोन आला. "फोटो बघितला. उद्या येते. बोलायचंय."

धुरपताबाई तणतणत दवाखान्यात. "डोळं झाकून बी वळखलं कसं वो?"

डॉक्टरीणबाईनं फोटो उघडला अन् जीभ चावली. डोळ्यांवर पट्टी झकास होती. खाली केस धरलेल्या मनगटावर हिरव्या गोंदणात मालकांचं ठळक नाव होतं: बलभीम.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई गजराबाई आल्या. कपाळावर ही रुपयाएवढी टिकली. पाणीसुद्धा घेतलं नाही. "दार लावा," म्हणाल्या.

धुरपताबाईनं हात जोडले. "विहीणबाई, त्यो डाग माझा हाय. माझ्या पोरीवर राग नका काढू वो."

गजराबाईंनी नख घालून स्वतःची टिकली सोलली. खाली तस्साच पांढरा डाग, अंमळ मोठाच.

"मालकाला बी दावला न्हाय कधी," त्या म्हणाल्या. "कोडच समजत व्हते. रातीला सुदिक टिकली काढली न्हाय. तुमचा फोटो बघितला अन् लई रडले बगा."

दोघी एकमेकींच्या कपाळाकडं बघत राहिल्या, मग अशा खदखदून हसल्या की समृद्धी चहा घेऊन दाराशीच थबकली.

"चला, दवाखान्यात जाऊ," पदरानं डोळे पुसत गजराबाई उठल्या. त्यांच्याही मनगटावर मालकांचं नाव गोंदलेलं. "माझा बी फोटो टाका म्हनावं, चार बायांचं भलं हुईल. पर पट्टी डोळ्याला नगं. मनगटाला बांधा."