झुंबरबाईचे पाय

"झुंबरबाई, गुडघे कायले बांधता व? चोर धरला का काय?" न्हाणीच्या दारातून शालूबाईनं विचारलं.

"चोरच हाय. हा गुडघा पयाले निंगते," पाटावर पाय लांब करून बसलेली झुंबरबाई म्हणाली आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीनं तिनं दोन्ही गुडघे एकत्र करकचून आवळले. "मेहकरचा डाक्टर म्हने, हाडाची गादी झिजली अन् सांधा धरनाऱ्या दोऱ्याबी सैल पडल्या. म्या म्हनलं, मंग बाजीच्या दोरीसारख्या तानून दे ना बावा! तो हासतच बसला."

तीस वर्षं हिवऱ्यातलं बहुतेक प्रत्येक तान्हं लेकरू झुंबरबाईच्या नडग्यांवर न्हालं होतं. नव्या पंचायतीचा सरपंच भाषणाला उभा राहिला की तिला त्याचं इवलंसं ढुंगण आठवे, आणि ती ते सांगेही. शालूबाईचा अर्जुन तिच्याच हातचा. आज त्याचा बारा दिवसांचा मुलगा पायांवर यायचा होता. पण गुडघा डुगडुगू लागल्यापासून बायका कुजबुजत होत्या. आज काही चुकलं तर उद्या दुसरीला बोलावणं जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शालूबाई पाणी ओतू लागली. झुंबरबाईची बोटं अशी फिरली की लेकरानं रडणं सोडून जांभई दिली. दाराशी बसलेली बाळंतीण रुख्मिणी खुदकन हसली.

पालथं करताना उजवा गुडघा पट्टीतल्या पट्टीत बाहेर सरकला. लेकराचं डोकं इतकंसं कललं आणि झुंबरबाईच्या तळव्यानं ते अलगद झेललं. कुणालाच काही कळलं नाही. उलट शालूबाई म्हणाली, "काय हात हाय व तुमचा! पुढच्या लेकरालेबी तुमीच पायजे."

झुंबरबाई सुखावली, आणि तिला रडूही आलं. लेकरू पुसून तिनं रुख्मिणीकडे दिलं, पट्टी सोडली.

"शालू, उद्या पाटावर तू बस."

"मी? माह्या हातून निसटून जाईन ते!"

"हात माहेच राहतीन. पाय तेवढे तुहे."

दुसऱ्या दिवशी शालूबाई पाय लांब करून अवघडून बसली. झुंबरबाई शेजारी बुटक्या स्टुलावर टेकली. तिनं आधी शालूबाईचे दोन्ही गुडघे डावी-उजवीकडे हलवून पाहिले. घट्ट होते. मग तिनं लेकरू त्यांच्यावर ठेवलं.